एक शटर की आठ दारं?

*पत्र थोडक्यात असं : "मी ६१ वर्षांचा, पत्नी ६०. खासगी कारखान्यातून निवृत्त झालो, पेन्शन नावापुरती. चिंचवडमध्ये राहता फ्लॅट आहे, कर्ज नाही. हातात एक कोटी दहा लाख आहेत, त्यातून दरमहा ठरलेलं भाडं सुरू व्हावं अशी इच्छा. दोन जागा पाहिल्या. रावेतला नव्या कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्याचा गाळा, ९० लाख. एजंट म्हणतो, ५० हजार भाडं कुठे गेलं नाही. दुसरी, चाकणजवळ आठ खोल्यांची दुमजली बिल्डिंग, ८८ लाख. साडेसहा हजार खोलीप्रमाणे ५२ हजार. मेहुणे म्हणतात गाळा घ्या, राहणारे भाडेकरू डोक्यावर बसतात. पत्नीचा कल खोल्यांकडे आहे. काय करावं? ता. क. या रकमेतले ५८ लाख तीन महिन्यांपूर्वी वडिलांचा एनए (बिगरशेती) प्लॉट विकून आले आहेत." — एक वाचक, चिंचवड*

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही ताजा कलमात घातलंय. त्याकडे मी शेवटी येतो, कारण आधी तेच सांगितलं तर बाकीचं तुम्ही वाचणार नाही.

आधी आकडे. एजंटाने सांगितलेलं भाडं भागिले किंमत हा हिशोब चहाच्या टपरीवर ठीक आहे. गाळा ९० लाखांचा असला तरी ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरून तो तुम्हाला ९६ लाख ६० हजारांना पडतो. भाडं ५० हजार मिळेल असंही धरू. पण गाळ्याचा हिशोब महिन्याचा करायचा नसतो, तीन वर्षांचा करायचा असतो. छत्तीस महिन्यांत एकदा भाडेकरू बदलला, मधे पाच महिने शटर खाली राहिलं आणि नव्या माणसाने फर्निचर करायला एक महिना भाडं माफ मागितलं (मागतोच) तर हातात तीस महिन्यांचं भाडं येतं, १५ लाख. त्यातून दोन वेळची दलाली १ लाख. कॉम्प्लेक्सचा मेंटेनन्स महिना ३ हजार धरला तर १ लाख ८ हजार. व्यापारी जागेचा मिळकतकर घरापेक्षा चढा असतो, वर्षाला ३० हजार धरा, म्हणजे ९० हजार. उरले १२ लाख २ हजार. महिन्याला ३३ हजार चारशे.

आता खोल्या. खर्च धरून ९४ लाखांना पडतील. आठपैकी एक खोली कायम रिकामी असते असं समजा. कोणी गावी गेला, कोणाची बदली झाली, कोणी लग्न ठरलं म्हणून मोठी जागा बघितली. सात खोल्यांचे ४५ हजार पाचशे. उन्हाळ्यातले टँकर वर्षभरावर पसरले तर महिना ४ हजार. मोटर, जिन्यातले दिवे, झाडलोट साडेतीन हजार. रंग, नळ, मोडलेली कडी, तुंबलेला पाइप ४ हजार. कर दीड हजार. गेले १३ हजार. उरले ३२ हजार पाचशे.

बघा, दोन्हीकडे आकडा जवळजवळ एकच येतो. पन्नास आणि बावन्न हजारांवर तुम्ही आणि मेहुणे घरात वाद घालत होतात, आणि हातात येणार आहेत तेहेतीसच्या आसपास. हे माझे अंदाज आहेत. तुमच्या जागेचे खरे आकडे घालून ही बेरीज एकदा वहीत मांडा.

फरक पडतो तो पैसे येण्याच्या रीतीत. गाळ्याचं भाडं येतं तेव्हा अख्खं येतं, आणि येत नाही तेव्हा शून्य. वर मेंटेनन्स आणि कर खिशातून. खोल्यांचं भाडं कधी २८ हजार, कधी ३६, कधी ३१ असं लंगडत येतं, पण साफ बंद होत नाही. एकदम आठही दारं बंद झाली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, तेव्हा कामगार गावी गेले. पण त्या वर्षी दुकानांची शटरंही खालीच होती.

माझ्या मामींचा निगडीला एक गाळा होता. कपड्याचं दुकान होतं त्यात, अकरा वर्षं एकच भाडेकरू. मामी सगळ्यांना सांगायच्या, भाडेकरू असावा तर असा. मग त्याच्या मुलाने धंदा बदलायचा ठरवला आणि दोन महिन्यांची नोटीस देऊन तो गेला. सज्जनपणे गेला, दोष कोणाचाच नाही. पण पुढचे नऊ महिने गाळा रिकामा. मामी दर शनिवारी देवळातून येताना वाट वाकडी करून तिकडे जायच्या आणि कुलपात तेलाचे दोन थेंब सोडायच्या, गंजू नये म्हणून. विजेचं बिल येतच होतं, एक दिवाही न लावता. सातव्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे पंधरा हजार उसने मागितले, तेही फोनवर नाही, घरी येऊन, हळू आवाजात. बाजारात गाळ्याची किंमत तेव्हा वाढलेलीच होती. औषधाच्या दुकानात मात्र किंमत चालत नाही, रोकड लागते.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न : सलग नऊ महिने एक रुपया भाडं आलं नाही तर घर चालेल का? तुमची पेन्शन नावापुरती आहे असं तुम्हीच लिहिलंय. गाळा त्याने घ्यावा ज्याचा दुसरा एखादा झरा चालू आहे. पगार, व्याज, मुलाचा हातभार, काहीही. ज्याला या भाड्यातूनच किराणा भरायचा आहे, त्याने सगळी अंडी एका शटरमागे ठेवू नयेत.

मेहुण्यांच्या भीतीबद्दल. राहणारा भाडेकरू डोक्यावर बसतो ही समजूत पागडीच्या काळातली आहे, आणि त्या काळापुरती खरीही होती. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम २४ मध्ये नेमकी उलटी गोष्ट आहे. राहण्यासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळाचे दुप्पट पैसे मागता येतात. ही सोय फक्त राहण्याच्या जागेला आहे, गाळ्याला नाही. गाळेवाला अडून बसला तर कोर्टाची पायरी चढावी लागते आणि तिथे किती तारखा पडतात ते मेहुण्यांना विचारा, ते जाणकार दिसतात.

पण 'नोंदणीकृत' हा शब्द सोडू नका. चाकण भागात निम्मा कारभार तोंडी चालतो. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आठ खोल्या म्हणजे आठ करार, आठ आधार कार्डं, पोलिसांच्या संकेतस्थळावर आठ वेळा भाडेकरूची माहिती. ऑनलाइन होतं, खर्च थोडा आहे. कंटाळा मात्र भरपूर आहे.

आणि कंटाळ्यावरच सगळं अडतं. गेल्या वर्षी एका मित्राबरोबर मी चाकणजवळच्या खराबवाडीला त्याच्या खोल्यांवर गेलो होतो. तारीख सात, संध्याकाळची वेळ. जिन्यात प्रत्येक दाराबाहेर सेफ्टी शूजचे जोड, त्यांच्यावरूनच कळतं कोण पहिल्या पाळीचा आणि कोण रात्रीचा. मित्राच्या हातात शाळकरी मुलांची असते तसली शंभर पानी वही. 'रूम ४ : २००० बाकी, पगार १० ला.' 'रूम ६ : नळ. वॉशर आणणे.' 'रूम ७ : पाहुणा आठ दिवस म्हणाला, महिना झाला.' रात्रपाळीच्या पोराला उठवायचं नाही म्हणून त्याचं दार त्याने वाजवलं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी सकाळी वीसच मिनिटं येतं म्हणून चांगलं फैलावर घेतलं. दीड तास गेला. भाडं जमलं चाळीस हजारांच्या आत, त्यातलं बरंच फोनवर आलं होतं, आणि तरी तो स्वतः गेला. म्हणाला, "महिन्यातून एकदा मालकाचं तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर मोटर जळते तेव्हाच कळतं."

हे तुमच्याकडून होईल का? चिंचवडहून चाकण लांब नाही, पण नाशिक रस्त्याची कोंडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आज ६१ व्या वर्षी होईल. ७१ व्या वर्षी? आणि तुम्ही नसताना वहिनींना जमेल का? त्यांचा कल खोल्यांकडे आहे हे मला चांगलं लक्षण वाटतं, कारण वही बहुधा त्याच ठेवणार आहेत. केअरटेकर ठेवता येतो, पण मग ३२ हजार पाचशेतून त्याचा पगार वजा करा आणि पुन्हा बेरीज बघा.

खोल्यांच्या बाबतीत मला खरी धास्ती आहे ती कागदांची. विकणारा तुम्हाला ग्रामपंचायतीची करपावती आणि नमुना आठ दाखवेल आणि म्हणेल, सगळं क्लिअर आहे. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. जमीन एनए आहे का, आराखडा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा त्या वेळच्या सक्षम कार्यालयाने मंजूर केलाय का, मंजूर एक मजला आणि उभे दोन असं तर नाही ना, सातबाऱ्यावर इतर हक्कात कोणाची नावं आहेत, आठ खोल्यांची वीज घरगुती मीटरवर आहे की एका मीटरवरून वायरी ओढल्यात, मैला कुठे जातो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्याच. आणि एक सोपी युक्ती : तुम्हाला कर्ज नको असलं तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत या बिल्डिंगवर कर्ज मिळेल का म्हणून कागद टाका. बँकेने नाक मुरडलं तर तुम्हीही मुरडा. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकराने, म्हणजे अनधिकृत बांधकामावरच्या दंडाच्या कराने, लोकांचं काय झालं ते आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. स्वस्तात घेतलेलं अनधिकृत बांधकाम विकताना त्याहून स्वस्तात जातं.

गाळ्याबद्दल थोडं, कारण तुम्ही तो अजून पूर्ण सोडणार नाही. बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, एजंट तेव्हाच नेतात. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ समोर उभे राहा. ऑफिसातून घरी परतणारी गर्दी गाळ्याच्या बाजूने जाते की रस्त्याच्या पलीकडून? दूध आणि भाजी घ्यायला माणूस दुभाजक ओलांडत नाही. गाडी दोन मिनिटं लावायला जागा आहे का? मग त्याच कॉम्प्लेक्समधली उघडी शटरं मोजा आणि बंदही मोजा. तुमच्या शेजारी पाच गाळे रिकामे असतील तर ५० हजार हा आकडा एजंटाच्या डोक्यातच आहे. बिल्डर 'तीन वर्षं हमी भाडं' देत असेल तर ते भाडं त्याने किमतीतच लावलेलं असतं, तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत.

दोन कर ध्यानात ठेवा. तुमचं भाडं वर्षाला २० लाखांच्या आत, म्हणून तुम्हाला जीएसटी नोंदणीची गरज नाही. पण ऑक्टोबर २०२४ पासून असं आहे की नोंदणी नसलेल्या मालकाचा गाळा नोंदणी असलेल्या (पण कंपोझिशन योजनेत नसलेल्या) धंदेवाल्याने घेतला तर १८ टक्के जीएसटी त्या भाडेकरूने स्वतः भरायचा. बऱ्याच जणांना तो पुढे आपल्या भरायच्या जीएसटीतून वळता करून घेता येतो. साध्या हॉटेलवाल्याला येत नाही, कारण तो ग्राहकाकडून ५ टक्के घेतो आणि त्यात ही वजावट नसते. म्हणून वडापाव-मिसळवाला ५० हजारांना हो म्हणाला तरी त्याच्या लेखी ते ५९ हजार असतात आणि घासाघीस तुमच्याशीच करतो. राहण्यासाठी साध्या माणसाला दिलेल्या खोलीवर जीएसटी नाही. आयकरात मात्र दोघं सारखे : मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरळ वजावट, पावत्या जपायची गरज नाही.

तर तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर : या दोनांतच निवडायचं असेल, कागद स्वच्छ निघाले आणि वहिनी वही धरायला तयार असतील तर खोल्या. गाळा तुमच्या परिस्थितीला नाही.

पण दोनांतच का निवडायचं? आता तो ताजा कलम.

वडिलांचा प्लॉट ५८ लाखांना विकलात. जुना प्लॉट, म्हणजे किमतीचा बहुतेक भाग नफाच असणार, आणि त्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागेल. साडेबारा टक्के दराने तो सहा लाखांच्या पुढेही जाऊ शकतो. नेमका आकडा सीए काढेल. तो पूर्ण वाचवायची एक वाट आयकर कायद्यात आहे : विक्रीची सगळी निव्वळ रक्कम विक्रीपासून दोन वर्षांत भारतातल्या एका राहत्या घरात गुंतवायची, किंवा तीन वर्षांत घर बांधायचं. विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नसावीत. तुमचं एकच आहे, म्हणजे तुम्ही बसता. नवं घर पुढची तीन वर्षं विकायचं नाही, भाड्याने देता येतं. पण घर म्हणजे घर. गाळा घेतलात तर ही सवलत नाही. आठ स्वतंत्र खोल्या म्हणजे कायद्याच्या भाषेतलं 'एक घर' का, यावर खात्याशी वाद होऊ शकतो. त्याबद्दल सीएचं मत लेखी घ्या, तोंडी नको. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर घेऊन झालं नाही तर तोवर रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात टाकावी लागते. साध्या बचत खात्यात ठेवली तर चालत नाही. हे नीट वाचा, कारण तुमचे तीन महिने गेलेत.

मी तुमच्या जागी असतो तर ५८-५९ लाखांत सगळा खर्च धरून मोशी, चिखली किंवा तुमच्याच भागात, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या सोसायटीत एक तयार फ्लॅट घेतला असता. प्रमाणपत्रानंतर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. १८ हजार भाडं धरलं आणि मेंटेनन्स, कर, महिना-दीड महिना रिकामा असं सगळं काढलं तर १४ हजारांच्या आसपास उरेल. सोसायटी भाडेकरू ठेवल्याचं ना-वापर शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही हा २००१ चा शासन आदेश आहे, सेक्रेटरीला नम्रपणे दाखवा. उरलेल्या पैशांतले ३० लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ८.२ टक्के दर धरला तर तिमाहीला ६१ हजार पाचशे, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. बेरीज साडेचौतीस हजार. खोल्या आणि गाळा यांच्यापेक्षा वर, डोकेदुखी एका भाडेकरूची, आणि २० लाखांहून जास्त अजून हातात. वहिनींच्या नावानेही ती योजना वेगळी घेता येते.

माझ्याकडून गाळा-खोल्यांचं उत्तर हवं होतं आणि मी पोस्टात पाठवतोय, असं मेहुणे म्हणतील. म्हणू द्या. उतारवयात सगळाच्या सगळा पैसा विटांत अडकवलेला माणूस श्रीमंत असूनही उसने मागतो हे मी घरात पाहिलंय. दोन वर्षांनी हौस शिल्लक असेल तर उरलेल्या पैशांतून वहिनींसाठी खोल्यांचा विचार करा. भागीत घेऊ नका एवढंच. तिथे भाडेकरू नाही, भागीदार डोक्यावर बसतो.

एक विचारायचं राहिलं. एजंटाने गाळ्याचं टोकन मागितलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मागितलंच असेल. चेक दिला नसेल तर सीएला भेटेपर्यंत देऊ नका. दिला असेल तर पावतीवर 'परत मिळणार नाही' असं कुठे बारीक अक्षरात आहे का ते बघा आणि पावतीचा फोटो मला पाठवा.